बॅटरीचे आयुष्य आणि कामाचा दिवस



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार चळवळीतल्या माणसाने महागाईभत्त्यावर बोलावे, बोनसवर बोलावे, फार तर नव्या कामगार कायद्यांतील कलमांवर बोलावे. मोबाईलची बॅटरी कशी चार्ज करावी, हा काय त्याचा विषय झाला? चालकांनीही, विषय हाच ना, अशी एकवार खात्री करून घेतली. आम्ही कळवले, हाच.

त्याचे कारण असे. गवंड्याच्या हातात थापी असते, सुताराजवळ रंधा असतो, शिंप्यापुढे मशीन असते. आज शहरात असे कितीतरी धंदे निघाले आहेत की ज्यांचे मुख्य हत्यार मोबाईल हेच आहे. घरोघर जेवण पोचवणाऱ्या मुलाला काम मोबाईलवर मिळते, रस्ता मोबाईल दाखवतो, पैसे मोबाईलवर जमा होतात, आणि तो कामावर आहे की नाही याची हजेरीही मोबाईलच लावतो. पुष्कळ रिक्षावाल्यांचे तसेच. आशाताईंच्या नोंदी त्यावर, भाजीवालीच्या गाडीवर पैसे मिळाल्याची वर्दी त्यावर. दुपारी चार वाजता बॅटरी संपली, तर त्या मुलाचा दिवस चार वाजता संपला. मग अंगात कितीही ताकद शिल्लक असो. हत्याराला धार लावून ठेवणे ही कारागिराची जुनी शिस्त आहे, आणि आजचा विषय त्या शिस्तीतलाच आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि दुरुस्तीच्या दुकानांतल्या बाकांवर बसून. त्यामुळे बोलणे साध्या भाषेत होईल. भ्रमणध्वनी आणि विद्युतघट हे शब्द चांगले आहेत, पण ते घरात कोणी उच्चारीत नाही. आम्ही मोबाईल आणि बॅटरी असेच म्हणणार.

तर प्रथम ही बॅटरी आतून असते कशी ते पाहू, म्हणजे सवयींचा उलगडा आपोआप होईल. हिला लिथियम-आयन बॅटरी म्हणतात. ती बाजारात प्रथम आणली जपानच्या सोनी कंपनीने, 1991 साली. तिच्यामागे ज्यांची मेहनत होती त्या व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना 2019 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ त्या वेळी 97 वर्षांचे होते; इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही. निवृत्तीचे वय 58 की 60 यावर आम्ही पुष्कळ वाटाघाटी केलेल्या असल्याने ही गोष्ट आमच्या ध्यानात राहिली, एवढेच.

या बॅटरीत दोन बाजू असतात. एका बाजूला ग्रॅफाइट, म्हणजे आपल्या शिसपेन्सिलीत असते तेच. दुसऱ्या बाजूला धातूची संयुगे, त्यांत मोबाईलच्या बाबतीत बहुधा कोबाल्ट. मधे एक द्रव पदार्थ. ग्रॅफाइटची रचना पुस्तकासारखी असते, पानावर पान. आपण चार्जर लावतो तेव्हा लिथियमचे कण कोबाल्टचे घर सोडून निघतात आणि या पानांच्या मधे जाऊन बसतात. मोबाईल वापरू लागलो की ते पुन्हा माघारी आपल्या घरी जातात. सकाळी गावाहून कारखान्यात आणि संध्याकाळी कारखान्यातून गावाकडे अशी जी ये-जा, तशीच ही. ही ये-जा जोवर चालू आहे तोवर बॅटरी जिवंत.

पण कोणतीही ये-जा फुकट होत नाही. कण आत शिरताना ग्रॅफाइटची पाने फुगतात, बाहेर पडताना मिटतात. असे शेकडो वेळा झाले की बारीक तडे जातात. शिवाय ग्रॅफाइटवर एक पातळ साय धरते. तापवलेल्या दुधावर धरते ना, तशीच समजा. ही साय अगदी पहिल्या चार्जिंगलाच धरते आणि ती उपयोगाचीही आहे, कारण तिच्यामुळे आतला द्रव आणि ग्रॅफाइट एकमेकांना खात नाहीत. परंतु ती तेवढ्यावर थांबत नाही. वर्षानुवर्षे हळूहळू जाड होत जाते, आणि जाड होताना लिथियमचे कण गिळीत जाते. गिळलेला कण कामावर परत येत नाही. मोबाईल जुना झाला म्हणजे 'चार्ज टिकत नाही' असे आपण म्हणतो, त्याचे मोठे कारण हे.

म्हणजे बॅटरी झिजणारच. आमचा सगळा प्रश्न एवढाच, की साय लवकर जाड कशाने होते. त्याला मुख्य कारणे दोन: काठोकाठ भरलेली अवस्था आणि उष्णता. बाकी सगळे या दोहोंच्या पोटात येते.

त्याआधी एक जुनी समजूत दूर केली पाहिजे. बॅटरी पूर्ण शून्यावर येऊ द्यावी आणि मगच चार्ज करावी, नवा मोबाईल घेतला की पहिल्या दिवशी आठ तास लावून ठेवावा, असे आजही सांगतात. हा उपदेश मुळात खोटा नव्हता. तो दुसऱ्या बॅटरीसाठी होता. पूर्वी निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या अर्ध्यावरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्या तर अर्ध्याचीच सवय लागल्यासारखे वागत, म्हणून त्या पूर्ण रित्या कराव्या लागत. ती बॅटरी मोबाईलमधून केव्हाच गेली आणि उपदेश मागे राहिला. लिथियमच्या बॅटरीला पूर्ण रिते होणे सोसत नाही. तिला मधल्या मजल्यावर राहणे आवडते.

आता फेऱ्यांचा हिशेब. शंभर टक्के भरून शंभर टक्के वापरली की एक फेरा. आज अर्धी वापरून भरली, उद्या पुन्हा अर्धी वापरून भरली, तर दोन दिवसांत मिळून फेरा एकच. 'सारखे सारखे चार्जिंगला लावल्याने फेरे वाढतात' हे म्हणणे त्यामुळे चुकीचे. उलट थोडे वापरून थोडे भरणे बॅटरीला मानवते. मोबाईलच्या बॅटऱ्यांबद्दल कंपन्या बरीच वर्षे सांगत आल्या की 500 फेऱ्यांनंतर मूळ शक्तीच्या शेकडा 80 उरावी. अलीकडे काहींनी हा आकडा 800 ते 1000 वर नेला आहे. घरी बसणाऱ्याचा दिवसाला एक फेरा धरला तर 500 फेरे म्हणजे सव्वा वर्षाहून थोडे जास्त. पण दिवसभर रस्त्यावर असणाऱ्या मुलाचे दिवसाला दीड फेरे सहज होतात. त्याची तीच बॅटरी अकरा महिन्यांत त्या मर्यादेला येते. एकच वस्तू, एकच किंमत, आणि झीज दीडपट. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

काठोकाठ भरण्याचे पाहू. नेहमीच्या लिथियम बॅटरीत पूर्ण भरल्यावर विजेचा दाब 4.2 व्होल्ट असतो. नव्या मोबाईलांत त्याहून थोडा अधिकही ठेवतात. कॅनडातील इसिडोर बुकमन या जाणकार गृहस्थांनी बॅटऱ्यांवर पुष्कळ लिहून ठेवले आहे. त्यांच्या कोष्टकानुसार 4.20 वर 300 ते 500 फेरे देणारी बॅटरी 4.10 वरच थांबवली तर 600 ते 1000 फेरे देते. दशांश एक व्होल्ट कमी, आणि आयुष्य दुप्पट. दर वेळी थोडी वीज कमी मावते हे खरे, पण घरी असणाऱ्या माणसाला त्याने काही अडत नाही. म्हणून शेकडा 80-85 च्या आसपास चार्जर काढणे आणि शेकडा 20 च्या आत सहसा न जाऊ देणे, ही सवय चांगली. अलीकडच्या पुष्कळ मोबाईलांत 80 वर आपोआप थांबण्याची सोयही आहे. सेटिंगमध्ये बॅटरीच्या खाली ती सापडेल. घरातल्या नातवाला विचारा, एका मिनिटात लावून देईल.

यावर कोणी म्हणेल, मग शंभर टक्के भरणे पापच समजायचे काय? मुळीच नाही. उद्या पंढरपूरला जायचे आहे, दिवसभर चार्जर मिळणार नाही, तर खुशाल शंभर भरा. नुकसान भरण्यात थोडे असते, भरून तसेच ठेवण्यात जास्त असते. पुष्कळ घरांत रात्री दहाला मोबाईल चार्जिंगला लावतात. बारा वाजता तो भरतो. पुढे सकाळी सहापर्यंत सहा तास तो काठावर उभा. रात्रभर लावल्याने मोबाईल फुटतो असे जे सांगतात ते बरोबर नाही; भरल्यावर वीज तोडण्याची यंत्रणा त्यात असते. पण काम संपल्यावर बैलाच्या मानेवरचे जू काढले नाही आणि तो रात्रभर तसाच गोठ्यात उभा राहिला, तर तो एक पाऊलही चालला नाही म्हणून मान सुजायची राहील काय? तसे हे आहे. सकाळी उठल्यावर लावा, स्नान, चहा, वर्तमानपत्र होईपर्यंत पुरेसा भरतो. नाहीतर ज्या मोबाईलला तुमच्या उठण्याची वेळ ओळखून शेवटचा हिस्सा पहाटे भरण्याची सोय आहे, तिथे ती चालू ठेवा.

आता उष्णता. या विषयावर आम्ही जास्त वेळ घेणार आहोत, कारण आपल्याकडे बॅटऱ्या मरतात त्या मुख्यतः उन्हाने, आणि चार्जिंगवरचे पुष्कळसे उपदेश थंड देशांतल्या माणसांनी लिहिलेले आहेत. बुकमन यांचेच दुसरे कोष्टक पाहा. बॅटरी वापरायची नाही, नुसती वर्षभर ठेवून द्यायची. 25 अंशांच्या खोलीत शेकडा 40 भरून ठेवली तर वर्षाने तिची शक्ती 96 उरते. त्याच खोलीत पूर्ण भरून ठेवली तर 80. आता खोली 40 अंशांची करा. शेकडा 40 भरलेली असेल तर 85 उरते, आणि पूर्ण भरलेली असेल तर 65. काम काही नाही, नुसते बसून पस्तीस गेले. ऊन आणि काठोकाठ भरणे ही दोन दुखणी एकत्र आली की कशी वाढतात, ते यात स्पष्ट दिसते. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम सांगतात की तपमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. साय धरण्याची क्रियाही त्यातलीच.

सोलापुरात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. चंद्रपूर, अकोल्याकडे 45 च्या पुढे. मोबाईलच्या कंपन्या आपल्या सूचनांत लिहितात की 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा. ही सूचना आमच्याकडच्या मे महिन्याला कोणी वाचून दाखवावी!

त्या हवेत दुपारी दोन वाजता मोटारसायकलवरचा मुलगा डोळ्यांसमोर आणा. हँडलला पकड लावून मोबाईल उन्हात बसवलेला. ऊन लखलखते म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवलेला. रस्ता दाखवणारा नकाशा सतत चालू. हे सगळे स्वतःच उष्णता निर्माण करणारे. त्यात बॅटरी उतरते म्हणून गाडीवरच्याच सॉकेटातून किंवा खिशातल्या पॉवरबँकेतून चार्जिंग चालू. चार्जिंगची स्वतःची उष्णता निराळी. वरून पावसासाठी म्हणून प्लॅस्टिकची पिशवी. काही वेळाने मोबाईल स्वतःच 'तपमान वाढले' असे सांगून चार्जिंग बंद पाडतो. तो बिचारा ओरडून सांगत असतो, आणि आपण त्याला दोष देतो.

अशा मुलांना आम्ही सांगतो ते असे. गाडी चालू असताना उन्हात शक्य तर चार्ज करू नका. हॉटेलाबाहेर पार्सलची वाट पाहत सावलीत उभे असता, त्या दहा-पंधरा मिनिटांत करा. लिथियमची बॅटरी खालच्या टप्प्यात भराभर भरते, 70-80 च्या पुढे मंद होते. तेव्हा हे तुटक तुटक चार्जिंग वाया जात नाही, उलट वेळेचा सगळ्यांत चांगला उपयोग तोच. चार्ज करताना जाड कव्हर काढा. हँडलवरची प्लॅस्टिकची पिशवी पावसाळ्यासाठी ठेवा. ओळखीचा रस्ता असेल तर नकाशा बंद करून पडद्याचा उजेड उतरवा. मोबाईल फार तापला म्हणून बर्फाच्या पेटीवर किंवा थंड पाण्याच्या बाटलीवर ठेवणारे पाहिले आहेत. तसे करू नये, आत दव धरते. सावली आणि वारा पुरे. पॉवरबँक हीसुद्धा लिथियमचीच बॅटरी आहे, हे विसरू नका. ती डिकीत उन्हात दिवसभर ठेवली तर तिचीही तीच गत.

घरातल्यांसाठी याच धर्तीवर दोन-चार गोष्टी. उशीखाली, गादीवर मोबाईल चार्जिंगला ठेवू नये. फ्रिजच्या किंवा टीव्हीच्या डोक्यावर गरम हवा येते, तिथे ठेवू नये. मुले चार्जिंग चालू असताना खेळ खेळतात, तेव्हा मोबाईल एकाच वेळी भरतही असतो आणि राबतही असतो, म्हणून तापतो. तारेशिवाय चार्ज करण्याच्या ज्या तबकड्या निघाल्या आहेत त्यांत वीज वाया जाऊन उष्णता अधिक होते. हौस म्हणून ठीक. फार जलद चार्जरबद्दल विचारतात. तो कंपनीचा असेल आणि मोबाईल त्यासाठी बनवलेला असेल तर भिण्याचे कारण नाही, पण घाई नसताना साधा चार्जर लावावा. थंडीबद्दल बोलण्याची आपल्याकडे गरज नाही. लडाखला जाणाऱ्यांनी एवढे पाहावे की शून्याखालच्या थंडीत गोठलेला मोबाईल लगेच चार्जिंगला लावू नये, खोलीत ऊब येऊ द्यावी.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. मोबाईल मंद चालू लागला म्हणजे तो जुना झाला असे नव्हे. कधी कधी फक्त बॅटरी थकलेली असते. 2017 च्या डिसेंबरात ॲपल कंपनीला हे कबूल करावे लागले की थकलेल्या बॅटरीचे मोबाईल अचानक बंद पडू नयेत म्हणून ती त्यांचा वेग मुद्दाम उतरवीत होती, आणि ग्राहकाला ते स्पष्ट सांगितलेले नव्हते. पुढे तिने बॅटरी बदलून देण्याची किंमत 79 डॉलरवरून 29 डॉलर केली, आणि फ्रान्समध्ये 2020 साली अडीच कोटी युरोंचा दंड भरला. त्या काळात किती लोकांनी नुसत्या बॅटरीपायी अख्खा मोबाईल टाकला असेल, याचा विचार करा. तेव्हा नवा घेण्याआधी सेटिंगमध्ये बॅटरीची शक्ती किती उरली ते पाहावे, आणि आधी बॅटरी बदलून पाहावी.

येथवर सवयींचे झाले. आता आम्ही जो हिशेब लक्षात ठेवायला सांगितला होता त्याकडे येतो. आम्ही सांगितलेल्या सवयी पाळणे कोणाच्या हातात आहे? पेन्शनर गृहस्थ 80 वर चार्जर काढू शकतो, पंख्याखाली मोबाईल ठेवू शकतो. ज्याची बॅटरी दीडपट झिजते, त्या मुलाला ना सावली, ना वेळ, ना भिंतीवरचा प्लग. तो 80 वर थांबला तर रात्रीच्या जेवणाच्या गर्दीत, म्हणजे कमाईच्या ऐन वेळी, मोबाईल बंद पडेल. त्याला शंभर भरावेच लागते. ज्याला सवय पाळायची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच ती पाळणे सर्वांत कठीण. आणि झिजलेली बॅटरी बदलायची ती त्याच्याच खिशातून.

हत्याराची झीज कोणी सोसायची हा कामगार चळवळीतला जुना प्रश्न आहे. गिरणीत माग मालकाचा असे, मागाची झीज मालकाच्या खात्यावर पडे. कामगाराने फक्त घाम आणायचा. मोबाईलच्या धंद्यांत मात्र माग कामगारानेच विकत आणला आहे, गाडीही त्याचीच, पेट्रोलही त्याचेच. घसारा हा शब्द कंपनीच्या ताळेबंदात असतो, मुलाच्या मजुरीच्या हिशेबात नसतो.

हत्यार मालकाने दिले म्हणजे प्रश्न सुटतो असेही नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना पोषणाच्या नोंदी करण्यासाठी सरकारने मोबाईल दिले होते. त्यांत मेमरी थोडी, ते तापत, मधेच अडकत, आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या गळ्यात येई. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यभर या भगिनींनी मोर्चे काढून ते मोबाईल सरकारला परत केले. तुटपुंज्या मानधनावर काम करणाऱ्या बाईने, हे हत्यार चालत नाही, हे घ्या तुमचे, असे म्हणण्यास हिंमत लागते. आम्हांला त्या आंदोलनाचा अभिमान वाटतो. मोबाईलच्या तापण्याची तक्रार घेऊन कामगार रस्त्यावर आला, अशी गोष्ट आमच्या आधीच्या पिढीने ऐकली नसती.

मग मागायचे काय? आम्ही आमच्या बैठकांत दोन गोष्टी मांडतो. पहिली अगदी लहान. जिथे ही मुले माल उचलण्यासाठी थांबतात, त्या हॉटेलांत, गोदामांत, मोठ्या सोसायट्यांच्या फाटकापाशी, सावलीत एक बाकडे आणि चार प्लग. यावर ऐकू येणारी हरकत विजेच्या बिलाची. तेव्हा बिलही पाहून घेऊ. मोठ्या मोबाईलची बॅटरी पूर्ण भरायला, वाया जाणारी धरून, पंचवीस वॅट-अवर लागतात. म्हणजे एका युनिटात चाळीस मोबाईल भरतात. युनिटचा दर पंधरा रुपये धरला तरी एका मोबाईलला साडेसदतीस पैसे, जुन्या हिशेबाने सहा आणे. सहा आण्यांसाठी पहारेकऱ्याला आणि घरकामाच्या बाईला प्लग नाकारणारी माणसे या गावात आहेत. त्यांतली काही समोर बसलेली असतील तर त्यांनी राग मानू नये, घरी जाऊन हिशेब करून पाहावा.

दुसरी मागणी मोठी. मजुरीच्या दरात हत्याराची झीज निराळी धरली पाहिजे: मोबाईल, बॅटरी, टायर, पेट्रोल. ज्याचा मालक एक नाही, अशा कामगाराचे काय करायचे, हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवून दाखवला आहे. आज या पेढीवर तर उद्या त्या पेढीवर ओझे वाहणाऱ्या हमालासाठी 1969 साली माथाडी कायदा झाला. मंडळे निघाली. मजुरीवर ठराविक लेव्ही मालकांकडून घेऊन तीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधपाणी यांची सोय झाली. पाठीवरच्या पोत्याच्या जागी आता खांद्यावर पेटी आली आहे. राजस्थानने 2023 साली अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, कर्नाटकाने 2025 साली केला. ज्या राज्याने माथाडी कायदा देशाला दाखवला, त्याने या बाबतीत मागे का राहावे, हे आम्हांला कळत नाही.

बनवणाऱ्यांवरही काही बंधन हवे. पूर्वी मोबाईलचे झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता येई. आता ती आत चिकटवलेली असते. युरोपातल्या देशांनी 2023 साली कायदा केला. त्यात 18 फेब्रुवारी 2027 ही तारीख घातली आहे, त्यानंतर विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंची बॅटरी, काही अपवाद सोडून, ग्राहकाला स्वतः काढता यावी. शिवाय 20 जून 2025 पासून तिथे विकायच्या मोबाईलची बॅटरी 800 फेऱ्यांनंतरही शेकडा 80 शक्ती राखणारी असावी, असा नियम लागू झाला. आपल्याकडे केंद्र सरकारने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. आरंभ म्हणून ते ठीक आहे, पण संकेतस्थळाने झाकण उघडत नाही.

बॅटरी जपण्याला आणखी एक बाजू आहे, ती दूरची म्हणून सोडता येत नाही. जगातल्या कोबाल्टचा बहुतेक हिस्सा आफ्रिकेतल्या काँगो देशातून निघतो. तिथे मोठ्या खाणी आहेत, आणि हाताने खणणारे गरीब लोकही आहेत. त्यांत लहान मुले राबतात, हे ॲम्नेस्टी या संस्थेने 2016 साली जगापुढे मांडले. आपल्या खिशातली बॅटरी दोनऐवजी चार वर्षे चालली तर तेवढा कोबाल्ट कमी खणावा लागेल. त्याने त्या मुलांची मजुरी वाढणार नाही, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी तिथेच संघटना झाली पाहिजे.

चालकांनी तीन चिठ्ठ्या आणून दिल्या आहेत, त्यांची उत्तरे देऊन थांबतो.

एका भगिनीने विचारले आहे, मुलगा परगावी असतो, त्याचा जुना मोबाईल कपाटात ठेवायचा आहे, पूर्ण भरून ठेवू का? पूर्ण भरू नका, रिताही ठेवू नका. अर्ध्यावर आणून बंद करा, थंड जागी ठेवा आणि चार-सहा महिन्यांनी काढून पुन्हा अर्ध्यापर्यंत भरा. फार दिवस रिता राहिला तर बॅटरी पुन्हा उठत नाही.

दुसरी चिठ्ठी: टक्केवारी एकदम 30 वरून 5 वर उतरते, काय करावे? दोन शक्यता आहेत. बॅटरी थकली असेल, किंवा मोबाईलचा अंदाज चुकत असेल. एकदा पूर्ण उतरवून, पूर्ण भरून पाहा. अंदाज चुकत असेल तर जागेवर येईल. हे अंदाजासाठी करायचे, तेही कधीमधी. रोजची सवय लावू नये. तरीही उडी मारतच असेल तर बॅटरी बदलण्याची वेळ झाली.

तिसऱ्या गृहस्थांनी लिहिले आहे की मोबाईलची पाठ फुगून वर आली आहे, पण चालतो आहे. चालवू द्यावा का? आजच बंद करा. आत वायू धरला आहे. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, सुई टोचून हवा काढू नका. तसे केल्याने आग लागते. पलंगापासून, कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवा आणि उद्या सकाळी दुरुस्तीवाल्याकडे न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. 2022 च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्यांवर टाकली आहे. तेव्हा कंपनीच्या केंद्रावर ती द्या, आणि घेत नाहीत असे म्हणाले तर तसे लिहून मागा.